सोळा तासांची संघटना



कामगार चळवळीचा इतिहास सांगा म्हटले की आम्हां कार्यकर्त्यांच्या तोंडी संप, टाळेबंदी आणि बोनस हेच शब्द येतात. आज मी दुसऱ्या एका संघटनेचा इतिहास सांगणार आहे. कामगार कारखान्यात आठ तास असतो. उरलेले सोळा तास तो कोणाचा तरी शेजारी असतो. आठ तासांची संघटना आम्ही बांधली. सोळा तासांची संघटना आपल्या उपनगरांत कोणी बांधली, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून आम्ही काय गमावले, हा आजचा विषय आहे.

ही दोन कामे मुळात वेगळी नव्हती. नारायण मल्हार जोशी ह्यांना आपण कामगार चळवळीचे जनक मानतो. १९२० साली आयटकची स्थापना झाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. परंतु त्याच्या नऊ वर्षे आधी, १९११ साली, त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली होती, आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली होती. त्यांच्या कामात वस्ती आधी आली आणि युनियन मागाहून.

उपनगरांत हे काम अधिक निकडीचे होते, कारण ही गावे पुष्कळ काळ मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये हद्दीत आली. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये. तोवर जे काही हवे ते रहिवाशांनी आपसांत उभे करायचे. पार्ल्याच्या मंडळींनी १९२३ सालीच टिळकांच्या नावाने लोकमान्य सेवा संघ स्थापन केला होता. पार्ले हे शिकलेल्या मध्यमवर्गाचे गाव होते. ज्यांच्यापाशी पक्के घर नाही, नोकरीची शाश्वती नाही, अशा माणसांचा शेजार बांधता येतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर गोरेगावने दिले.

गोरेगावात केशव गोरे हे समाजवादी कार्यकर्ते होते. वैद्यकीय शिक्षण सोडून सेवा दलाच्या कामात उतरलेल्या मृणालताईंशी त्यांचा १९४८ साली विवाह झाला. दोघांनी गावातच काम मांडले. १९५८ साली केशवरावांचे अकाली निधन झाले. मृणालताई तेव्हा अवघ्या तिशीच्या होत्या, पदरी लहान मुलगी होती. केशवरावांच्या नावाने केशव गोरे स्मारक ट्रस्ट निघाला. ट्रस्टची वास्तू गोरेगावकरांना सभा भरवायला, शिकायला, एकमेकांची अडचण ऐकायला हक्काची जागा झाली. अडचणीतल्या स्त्रियांना सल्ला देणारे ‘स्वाधार’ केंद्रही पुढे तेथे सुरू झाले. संघटनेला ठराव लागतात, तसे बसायला छप्परही लागते, ही गोष्ट आम्ही युनियनवाल्यांनी लक्षात ठेवावी.

१९६१ साली मृणालताई महापालिकेत निवडून गेल्या. झोपडपट्टीत तेव्हा नळ मिळत नसे. वस्ती अनधिकृत, तिला नळ दिला तर ती मान्य केल्यासारखे होईल, असा दप्तरी न्याय होता. एकट्या बाईचा अर्ज अशा ठिकाणी टिकत नाही. हंडे घेऊन सारी वस्ती दारात उभी राहिली की कारकुनालाही कागद पुढे सरकवावा लागतो. लोकांनी ताईंना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. पाण्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका ह्यातून एकमेकींच्या झाल्या.

१९७२ साली महागाईविरुद्ध संयुक्त महिला समिती निघाली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. पण तेल, साखर आणि रॉकेल ह्यांना पक्ष नसतो. हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७६ साली नागरी जमीनधारणेचा कायदा झाला. त्यातील जादा जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणालताई, बाबूराव सामंत व त्यांचे सहकारी ह्यांनी नागरी निवारा परिषद काढली. सरकारशी आणि न्यायालयात वर्षानुवर्षे झगडून गोरेगावच्या दिंडोशीत सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला. घरे मात्र उभी आहेत.

आता आमची चूक सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी घाटकोपर-मुलुंड रस्त्यावरच्या एका कारखान्याला टाळे लागले. तेथील युनियनचे काम माझ्याकडे होते. पहिल्या महिन्यात दारावर चारशे माणसे बसत. सहाव्या महिन्यात अकरा उरली. काही वर्षांनी थकलेल्या देण्यांचा निकाल कामगारांच्या बाजूने लागला. पैसे मंजूर झाले, पण माणसे सापडेनात. आमच्या दप्तरात टोकन नंबर होते. पत्ते होते ते केव्हाच बदललेले. कोणी विरारपलीकडे गेले होते, कोणी गावी, कोणी कायमचे.

एकाच चाळीतले सतरा कामगार मात्र एका दिवसात सापडले. तेथे बायकांची भिशी होती आणि गणपतीचे मंडळ होते. चाळ सोडून गेलेल्यांचे पत्ते मंडळाच्या वहीत होते. टाळेबंदीच्या काळात वाण्याकडे उधारीला जामीन राहिल्या होत्या त्या ह्याच बायका. जे आम्ही पावत्या फाडून साधू शकलो नाही, ते त्यांनी एका वहीने साधले. ती वही मी हातात घेऊन पाहिली आणि मान खाली घातली.

आज त्या रस्त्यावर कारखान्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. झोपडीतला माणूस बाराव्या मजल्यावर गेला. त्याला नळ मिळाला, संडास मिळाला, ह्याचा मला आनंदच आहे. परंतु दार लागले. सोसायटीची सभा देखभालीच्या रकमेवर सुरू होते आणि तेथेच संपते. नोकरी आता कंत्राटाची. कारखान्याच्या दारावर माणसे जमवावीत तर दारच राहिले नाही. म्हणून सोळा तासांची संघटना आज अधिक हवी.

आपल्या मजल्यावर कोण राहतो, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, एवढी एक वही प्रत्येक इमारतीत असावी. तिला निधी लागत नाही, शंभर पानांची वही आणि दार ठोठावणारा माणूस लागतो. पहिले दार ठोठावताना संकोच वाटेल. मलाही अजून वाटतो.