सानपाड्याचे उघडे दार : घरगुती वाय-फायच्या कुलुपाचा इतिहास

१/
२६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल आला. त्यात स्फोटांची पूर्वसूचना होती आणि खाली ‘इंडियन मुजाहिदीन’चे नाव. पुढच्या सुमारे ७० मिनिटांत २१ स्फोट झाले. ५६ जणांचा बळी गेला, २०० हून अधिक जखमी झाले. त्या ई-मेलचा माग काढत तपास पथक पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत.

२/
तेथे एक अमेरिकन नागरिक कुटुंबासह राहत होता. दहशतवादविरोधी पथकाने त्याचे संगणक ताब्यात घेतले. चौकशी काही आठवडे चालली. अखेर स्पष्ट झाले की ई-मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याच्या घरातील वाय-फायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि कोणी परक्याने त्याचा वापर केला होता. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. पण तोवर त्याचे नाव जगभरच्या बातम्यांत झळकले होते.

३/
पोलीस नेमके त्याच्याच दाराशी का आले? घरात उपकरणे पाच असोत वा पंधरा, बाहेरच्या जगाला ती सर्व बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. सेवा पुरवठादाराच्या नोंदवहीत त्या क्षणी तो पत्ता ज्या ग्राहकाच्या नावावर असतो, त्याच्याकडे तपास वळतो. रेडिओलहरी मात्र सदनिकेच्या भिंतीपाशी थांबत नाहीत; त्या जिन्यात, शेजारी आणि खालच्या रस्त्यावरही पोहोचतात. वापरणारा रस्त्यावर असतो, नोंद घरमालकाच्या नावे होते.

४/
मग या लहरींना कुलूप नव्हते काय? होते, आणि पहिल्या दिवसापासून होते. १९९७ साली बिनतारी जाळ्यांचे पहिले मानक आले, तेव्हाच त्यात ‘डब्ल्यूईपी’ नावाची संरक्षणपद्धती होती. तारेच्या जाळ्याइतकी गोपनीयता देणे, असा तिच्या नावाचाच आशय. पण मूळ गुप्त किल्ली अवघी ४० बिटांची. तिच्यासोबत दर संदेशाला बदलणारा २४ बिटांचा आकडा जोडला जाई. असे आकडे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाखच. वर्दळीच्या जाळ्यावर ते काही तासांत संपून पुन्हा येऊ लागत.

५/
२००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी या पद्धतीचे मर्मस्थान दाखवून दिले : ऐकलेल्या संदेशांवरून किल्लीच शोधता येते. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाटच्या संशोधकांनी तर १०४ बिटांची लांब किल्लीही मिनिटाभराच्या आत काढून दाखवली. दरम्यान नवी कुलुपे आली होती. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए२’. मार्च २००६ पासून वाय-फायचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी उपकरणात डब्ल्यूपीए२ असणे अनिवार्य झाले.

६/
आता तारखा जुळवून पाहा. भारताने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला. त्यानंतर ब्रॉडबँडबरोबर राउटर घरोघरी येऊ लागले. म्हणजे सानपाड्याच्या घटनेपूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ भक्कम कुलूप बाजारात उपलब्ध होते. पण त्या काळचे अनेक राउटर कारखान्यातून उघडेच येत, किंवा एका मॉडेलच्या सगळ्या राउटरना एकच ठरावीक पासवर्ड असे. बसवणारा माणूस इंटरनेट सुरू झाल्याची खात्री करून निघून जाई. घरच्यांच्या दृष्टीने काम तेथेच संपलेले असे.

७/
छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा गड बळाने जिंकणे जवळपास अशक्य होते. पण रामदेवरायाचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर दूर गेले होते. घाईघाईत धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा जुन्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. गडाच्या कड्यात दोष नव्हता. पोती कोणी उघडून पाहिली नव्हती.

८/
सानपाडा हा अपवादही नव्हता. २३ ऑगस्ट २००८ रोजी त्याच संघटनेचा पुढचा ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेला. ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी केलेल्या अटकांत पुण्यातील एक संगणक अभियंताही होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार या मंडळींनी शहरात फिरून असुरक्षित जाळी हेरली होती. यासाठी अवघड तंत्र लागत नाही. लॅपटॉप आणि चिकाटी पुरते.

९/
यानंतर शासन जागे झाले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केले की पथके लॅपटॉप घेऊन वस्त्यांतून फिरतील आणि उघडी वाय-फाय जाळी सापडल्यास मालकांना ती बंदिस्त करण्याची सूचना देतील. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना सुरक्षित वाय-फायविषयी निर्देश दिले. वाय-फायचा पासवर्ड हा तोवर घरगुती सोयीचा प्रश्न होता. आता तो सार्वजनिक सुरक्षेचा विषय झाला.

१०/
कुलुपांची कथा तेथे संपत नाही. २०११ च्या अखेरीस ‘डब्ल्यूपीएस’ या बटण वा पिनने जोडणी करणाऱ्या सोयीतील दोष उघड झाला : आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘क्रॅक’ या हल्ल्याने डब्ल्यूपीए२ मधील त्रुटी दाखवली. ती सॉफ्टवेअर अद्ययावत करून भरून काढता आली. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए३’ आले.

११/
या इतिहासातून घरासाठी निघणारी कामे अर्ध्या तासाची आहेत.
• राउटरच्या व्यवस्थापन पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो.
• संरक्षण डब्ल्यूपीए३ ठेवा. ते नसल्यास डब्ल्यूपीए२, एईएस पर्यायासह. डब्ल्यूईपी कदापि नको.
• पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, ६३ पर्यंत चालतो. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द उत्तम. मोबाइल क्रमांक वा आडनाव नको.
• डब्ल्यूपीएस बंद करा आणि राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा.
• पाहुण्यांसाठी स्वतंत्र ‘गेस्ट’ जाळे द्या.

१२/
आपल्या शहरात शिक्षणासाठी आलेली कितीतरी मुले भाड्याच्या खोल्यांत एकच जोडणी वाटून घेतात. त्यांच्यासाठी आणखी एक सूचना : खोली सोडून कोणी गेला की पासवर्ड बदला. जोडणी ज्याच्या नावावर असते, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

१३/
अहमदाबाद स्फोटांच्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी ३८ जणांना फाशीची आणि ११ जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. घटनेपासून साडेतेरा वर्षे उलटली होती. सानपाड्याच्या त्या रहिवाशाने गुन्हा केला नव्हता, कट रचला नव्हता. त्याच्या घरचे एक दार मात्र उघडे होते आणि ते आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आज रात्री आपल्या राउटरचे व्यवस्थापन पान एकदा उघडून पाहावे, एवढीच विनंती.

(समाप्त)