लोणार सरोवरातील उपयुक्त जीवाणू : शोध, संग्रह व जनुकसंच वाचनाचा इतिहास

वाशीम जिल्ह्यातील रिसोडहून थेट पश्चिमेस गेल्यास सुमारे 30 किलोमीटरवर लोणारचे विवर लागते. प्रशासकीयदृष्ट्या ते बुलडाणा जिल्ह्यात मोडते. तथापि भूप्रदेश, काळा पाषाण आणि पर्जन्यमान या बाबतीत दोन्ही जिल्हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. या सरोवराच्या भूशास्त्रावर आणि तेथील मंदिरांवर विपुल लेखन झाले आहे. त्यातील जीवाणूंचा इतिहास मात्र जीवशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसा आलेला नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला असून, जीवाणूचा जनुकसंच वाचला म्हणजे त्या जीवाणूची ओळख पूर्ण झाली, हा समज तपासून पाहिला आहे.

लोणारच्या क्षाराचे महत्त्व प्राचीन आहे. 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो आणि काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात असे सांगितले आहे. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील खडकांतील आघाताच्या खुणा दाखवल्या आणि अशनीपाताचा सिद्धांत स्थिर झाला. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टमध्ये कोरले गेलेले हे विवर आहे. बाहेर वाट नसलेल्या या द्रोणात पाणी येते आणि बाष्पीभवनाने आटते. क्षार मागे उरतात. त्यामुळे पाण्याचा सामू 10 च्या आसपास राहतो. अशा पाण्यात सामान्य जीव टिकत नाहीत. जे टिकतात त्यांची विकरे तीव्र अल्कलीतही काम करतात.

उपयुक्तता येथेच आहे. कपडे धुण्याच्या भुकटीत प्रथिनांचे डाग काढणारे विकर घालतात, चामड्यावरील केस काढण्यासाठीही असे विकर वापरता येते. ही दोन्ही कामे अल्कधर्मी द्रावणात चालतात. साबणासाठी अकबराच्या काळात ख्याती पावलेल्या स्थळी चारशे वर्षांनंतर धुलाईचेच विकर शोधले जावे, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी जानेवारी 2002 मध्ये लोणारचे पाणी व गाळ यांचे नमुने घेतले. त्यांतून 196 जीवाणू वेगळे करण्यात आले. सामू व क्षार सोसण्याच्या शक्तीवरून त्यांतील 64 निवडून त्यांच्या 16एस आरआरएनए जनुकाचा क्रम पाहिला गेला. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 16एस हे सुमारे 1500 अक्षरांचे जनुक; त्यावरून जीवाणूचे कूळ कळते, परंतु त्याचे कसब कळत नाही. 2010 मध्ये पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र व इंग्लंडमधील वॉरविक विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी जड कार्बन असलेला मिथेन गाळास पुरवला आणि तो कोणाच्या डीएनएत उतरला हे पाहिले. जीवाणू वेगळा न वाढवताही त्याचे काम ओळखण्याची ही युक्ती होती, आणि मला ती या सर्व इतिहासातील सर्वाधिक चतुर पायरी वाटते.

याच सुमारास हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या पाण्यातून नव्या प्रजातींचे वर्णन केले. 2010 मध्ये 'इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस' व 'निट्रिटॅलिया हॅलअल्कॅलिफिला', तर 2012 मध्ये 'सेसेंबिया लोनारेन्सिस' प्रसिद्ध झाली. शेवटच्या नावात प्रजाती लोणारची आहे, पण 'सेसेंबिया' हे कुळनाम सीसीएमबी या आद्याक्षरांवरून घडवलेले आहे. गाव आणि प्रयोगशाळा एकाच नावात नांदतात. पुढे आहे ती प्रयोगशाळा. निट्रिटॅलिया व सेसेंबिया यांचे जनुकसंच 2012 मध्ये व इंडिबॅक्टरचा 2013 मध्ये मसुदारूपाने जाहीर झाले. मसुदा म्हणजे तुकड्यातुकड्यांत वाचलेला, सर्व सांधे न जुळवलेला क्रम. 1995 मध्ये अमेरिकेत हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जीवाणूचा पहिला पूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा ती जगभर गाजलेली घटना होती. अठरा वर्षांत तेच काम एखाद्या संशोधनपत्रिकेच्या एक-दोन पानांत मावू लागले.

नव्या प्रजातीचे नाव ग्राह्य धरले जाण्यासाठी तिचा नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावा लागतो. शास्त्राच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळे जीवाणू प्रथम विवरातून शहरात, मग देशाबाहेर आणि शेवटी केवळ अक्षरांच्या रूपाने सर्वांसाठी खुल्या संगणकीय भांडारात जातो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात 2009 मध्ये सूक्ष्मजीव संग्रह सुरू झाल्याने देशातील सोय वाढली, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

या प्रवासाचे आर्थिक परिणाम काय होऊ शकतात हे अमेरिकेतील यलोस्टोनच्या उदाहरणावरून दिसते. 1966 मध्ये थॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनी तेथील उष्ण झऱ्यातून 'थर्मस ॲक्वाटिकस' मिळवला. त्याच्या विकराने पीसीआर तंत्र व्यवहार्य झाले. त्या तंत्राचे हक्क 1991 मध्ये 30 कोटी डॉलरला विकले गेले. राष्ट्रीय उद्यानास त्यातील काहीही मिळाले नाही. आपल्याकडे जैविक विविधता कायदा 2002 चा आहे आणि त्यात स्थानिक समित्या व लाभवाटपाची तरतूद आहे. परंतु कायद्याच्या मूळ कल्पनेत वनस्पती, प्राणी, नमुना असे हाती धरता येणारे काही होते. निव्वळ क्रमाच्या माहितीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर 2022 च्या माँट्रियल परिषदेत मार्गी लागू लागला आणि त्यासाठीचा काली निधी फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झाला. त्यातील योगदान ऐच्छिक आहे. रिसोड किंवा लोणारपर्यंत त्यातून काही पोहोचेल अशी अपेक्षा ठेवणे मला धाडसाचे वाटते.

वाशीमच्या शेतकऱ्याला जवळचे उदाहरण सोयाबीनचे. पेरणीपूर्वी बियाण्यास जे जीवाणू संवर्धक चोळतात, त्या गटातील ब्रॅडिरायझोबियमच्या एका वाणाचा सुमारे 91 लाख अक्षरांचा जनुकसंच 2002 मध्ये जपानच्या काझुसा संस्थेने वाचला. तो वाण फ्लोरिडातील सोयाबीनच्या मुळावरील गाठींतून आलेला होता. नत्र स्थिर करणारी जनुके त्यात स्पष्ट दिसतात. मात्र आपल्या काळ्या जमिनीत, पावसाने ताण दिल्यावर तो किती काळ तग धरील, हे त्या 91 लाख अक्षरांत लिहिलेले नाही. ते शेतातच मोजावे लागते.

लोणारबाबतही हेच आहे. क्रम कोठेही वाचता येतो; ज्या पाण्यातून जीव आला त्याची ऋतुवार स्थिती मात्र काठावरच नोंदवावी लागते, आणि ती नोंद आज निरनिराळ्या अभ्यासांत विखुरलेली आहे. सरोवरात गोड्या झऱ्यांचे पाणी येते. त्याचे प्रमाण वाढले-घटले की सामू व क्षारता बदलतात. सामूमापक, क्षारतामापक आणि नियमित वही एवढी सामग्री परिसरातील कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाकडे असते. जनुकक्रम यंत्र नसले तरी चालते.

जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने नागपूरच्या नीरी व पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले, आणि रंगाचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे निष्पन्न झाले. पाणी आटून क्षारता वाढल्याने त्यांची संख्या वाढली होती. आदल्या वर्षांच्या स्थितीशी तुलना करायची तर जुन्या निबंधांकडे वळावे लागते. 2002 च्या नमुन्यांसोबत तेथे एवढेच लिहिलेले आढळते : हिवाळा, जानेवारी, सामू 10.5.