झिंगे, बदामाचं पान आणि औशाचं पाणी

परवा औशाला घरी गेलो तेव्हा काचेच्या टाकीत देशी बदामाचं वाळकं पान टाकलं. पान कुजतं, त्यावर शेवाळ-जिवाणूंचा थर धरतो अन् चेरी झिंगे तो खरवडत बसतात. खाणं सोपं, गोची पाण्याची!

सुरुवातीला मी शहाणपणा करून नुसतं आरओचं पाणी भरलं होतं. झिंगे कात टाकतानाच मरायला लागले. कवचाला लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम मीच गाळून टाकले होते ना! आपल्या बोअरच्या जड पाण्यात ते असतात. येतात काळ्या पाषाणातून, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून. मग निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं असं जमवलं. उडालेलं पाणी मात्र आरओनेच भरायचं. वाफ पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात.

मग आलं २०१६. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. आई म्हणाली, "माणसाला प्यायला नाही अन् तुझे झिंगे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकी पुण्याच्या मित्राला देऊन टाकली.

आता पुन्हा मांडलीय. बदललेलं पाणी तुळशीला जातं, आरओचं वाया जाणारं मोरी धुवायला. आईचं लक्ष असतंच. असो!