देव गेले, महिने उरले

बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात सयाजीराव महाराजांनी आणविलेली एक इजिप्शियन ममी आहे. ती पाहून परतणाऱ्यास प्राचीन इजिप्त म्हणजे काचेच्या पेटीत निजलेले, कायमचे संपलेले जग वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु नाईलकाठचा शेतकरी, मग तो ख्रिस्ती असो वा मुसलमान, पेरणी-कापणीचा हिशेब ज्या महिन्यांनी ठेवीत आला, त्यांची नावे पाहावीत. तूत म्हणजे विद्येचा देव थोथ. हातूर ही हाथोर देवी. बरमूदा हा रेनेनुतेत या धान्यदेवतेचा, बशन्स हा खोन्सू या चंद्रदेवाचा. बाबा या नावात ओपेतचा उत्सव दडला आहे. त्यात आमोन देवाची मूर्ती नौकेत बसवून कर्नाकहून लक्सरला नेत.

तीस दिवसांचे बारा महिने संपले की 'नसी' हा पाच दिवसांचा तेरावा महिना येतो. या पाच दिवसांची कथा प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकाराने सुमारे १९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवली. आकाशदेवी नूत गर्भवती राहिली तेव्हा सूर्याने शाप दिला की कोणत्याही महिन्यात वा वर्षात तिने प्रसवू नये. तेव्हा थोथने चंद्राशी सोंगट्यांचा डाव मांडला आणि त्याच्या प्रकाशाचा थोडाथोडा अंश जिंकून वर्षाबाहेरचे पाच दिवस घडविले. त्या दिवसांत ओसिरिस, थोरला होरस, सेत, इसिस व नेफ्थिस जन्मली. प्लूटार्कने देवांना ग्रीक नावे दिली असली तरी कथा इजिप्तचीच. दर चार वर्षांनी सहावा दिवस धरावा असे इसवी सनापूर्वी २३८ मध्ये ठरले, पण ते रुजले ऑगस्टसच्या काळात.

पुढे मंदिरे ओस पडली. चित्रलिपीतला ज्ञात असलेला अखेरचा लेख फिले येथे इसवी सन ३९४ चा आहे. भाषाही बोलण्यातून गेली, कॉप्टिक रूपाने चर्चच्या प्रार्थनेत राहिली. मग महिने का टिकले? हिजरी वर्ष चांद्र, ते दरसाल सुमारे अकरा दिवसांनी मागे सरते. त्यावर गहू पेरता येत नाही. आपल्याकडेही हीच अडचण होती. ज्यांच्या घरी पेशवाईतले मोडी कागद आहेत त्यांना शुहूर सन ठाऊक असेल: अंक अरबी, आरंभ मात्र मृग नक्षत्रापासून. निजामाच्या राज्यातली फसलीही पिकासाठीच.

अशा विषयात मोह फार. हातूर महिन्याला तिकडच्या म्हणीत विखुरलेल्या सोन्याची उपमा आहे आणि हाथोरलाही प्राचीन काळी 'सुवर्णा' म्हणत. पण म्हणीतले सोने गव्हाचे दाणे आहेत, आणि 'विखुरलेले' हा शब्द अरबीत हातूरशी यमक जुळतो म्हणून आला असावा. लक्सरच्या मंदिरातच मशीद असलेल्या अबुल हज्जाज या सूफी संताच्या जत्रेत नावा मिरवतात, ते ओपेतचेच रूप असे पुष्कळांनी लिहिले. असेलही. परंतु हा संत तेराव्या शतकातला. मधल्या शतकांचा दुवा दाखविता येत नाही. महिन्यांच्या नावांचा दाखविता येतो, म्हणून मला जत्रेपेक्षा पंचांग अधिक विश्वासार्ह वाटते.

१९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि ज्या पुरावर हे वर्ष बांधले होते तो पूर थांबला. तरी ११ सप्टेंबरला (काही वर्षी १२ ला) एक तूत उजाडतो. कॉप्ट लोक त्या दिवशी नववर्ष पाळतात आणि हुतात्म्यांच्या रक्ताची खूण म्हणून लाल खजूर खातात.