भुकेविरुद्धचे मृत्युपत्र : आपण मागे काय ठेवणार?

आपल्या समाजात माणूस गेला की जलदान विधी होतो. भन्तेजी येतात, पुण्यानुमोदन होते, भोजनदान होते. शे-दोनशे माणसे जेवून जातात. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीतली एकटी राहणारी म्हातारी पुन्हा कोणाच्या तरी दाराकडे बघत बसते. गेलेल्या माणसाच्या नावाने एक वेळचे जेवण झाले, पण भूक होती तिथेच राहिली. या लेखात आम्हाला प्रश्न विचारायचा आहे तो एवढाच : माणसाच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून भुकेविरुद्ध कायमची व्यवस्था उभी राहू शकते का? आणि इतिहास याबद्दल काय सांगतो?

हा प्रश्न आजच का, तर आजच आपल्याकडे मागे ठेवण्यासारखे काहीतरी आहे. वाटूर, परतूर, मंठा या पट्ट्यात शिक्षक, तलाठी, एस.टी.चे वाहक, नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली आपली पहिली पिढी आता सत्तरीत आहे. त्यांच्या आजोबांकडे मृत्युपत्रात लिहायला काही नव्हते. बलुत्याच्या भाकरीवर जगणाऱ्याने कशाचा वारसा लिहायचा? मराठवाड्यात आपल्या हाती जमीन आली ती भांडून आली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला तो २८ नोव्हेंबर १९९१ ला. म्हणजे आपल्यातल्या अनेकांसाठी 'मालमत्ता' हा शब्दच एका पिढीचा आहे. म्हणून तिचे काय करायचे, याचा विचारही आपणच नव्याने करायला हवा.

परंपरा मात्र नवी नाही. ती आपल्याच लेण्यांत कोरलेली आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक चुकीने पांडवलेणी म्हणतात, क्रमांक १० चे लेणे आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते दिले. तिथल्या लेखात तो सांगतो की त्याने ३,००० कार्षापणांचा अक्षयनिधी ठेवला. त्यातले २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवलेला होता. आणखी एका लेखात ४,००० कार्षापणांना विकत घेतलेल्या शेताची नोंद आहे : विकणाऱ्याचे नाव, शेत कोणत्या दिशेला, किंमत किती, आणि हेतू काय. हेतू असा की या लेण्यात राहणाऱ्या चारही दिशांच्या भिक्खूंना, भेद न करता, त्यातून अन्न मिळावे.

जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचा हा दस्त आहे. मुद्दल सुरक्षित, हेतू स्पष्ट, नोंद जाहीर, जेवणारा कोण यावर भेद नाही. आजच्या कुठल्याही विश्वस्त निधीने याहून जास्त काय लिहावे?

पण आम्हाला त्याच डोंगरावरचा दुसरा लेख जास्त महत्त्वाचा वाटतो. नहपानाची सत्ता मोडल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने तिथल्या भिक्खूंना कखडी गावातले शेत दिले. पुढे त्याच्या राज्याच्या २४ व्या वर्षी, त्याच्या आणि राजमातेच्या नावाने निघालेली आज्ञा क्रमांक ३ च्या लेण्यात कोरलेली आहे. तीत सरळ कबुली आहे : आधी दिलेले शेत कसले जात नाही, ते गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातले १०० निवर्तन बदली द्यावे.

विचार करा. दान राजाचे, नोंद पक्की, हेतू चांगला, तरी पोटात घास गेला नाही. का? कारण गावात कसणारा माणूसच उरला नव्हता. जमीन अन्न देत नाही, कसणारा अन्न देतो. आणि त्या कसणाऱ्याच्या पोटात काय पडत होते, हे दोन्ही लेख सांगत नाहीत. दात्याचे नाव दगडावर राहिले, राबणाऱ्याचे राहिले नाही. दानाच्या इतिहासातली ही खोट आपण ओळखली पाहिजे, नाहीतर आपणही तीच पुढे चालवू.

ही खोट ओळखणारे माणूस आपल्याला १९ व्या शतकात भेटते. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजातर्फे काम केले. धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला, उपाशी मुलांना तिथे जेवू घातले गेले. त्यासाठी जोतीरावांनी मे १८७७ मध्ये लोकांकडे जाहीर पत्रक काढून मदत मागितली. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरून दुष्काळाची हकीकत पत्रातून कळवत होत्या. हे झाले तातडीचे काम. दहा वर्षांनी, १८८७ साली, जोतीरावांनी मृत्युपत्र केले. वारस म्हणून रक्ताच्या भाऊबंदांना नव्हे, तर दत्तक घेतलेल्या यशवंतला नेमले. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. तो नालायक निघाला तर बहुजनांतला लायक मुलगा निवडावा, अशीही तरतूद त्यांनी ठेवली. वारसा रक्ताने नाही, कामाने ठरतो, हे त्यांनी कायदेशीर कागदावर लिहिले. १८९० साली ते गेल्यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा टिटवे सावित्रीबाईंनी हातात धरले. १८९७ च्या प्लेगात यशवंत डॉक्टर म्हणून रुग्ण तपासत होता आणि रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. ज्या हेतूने वारस निवडला तो हेतू फळाला आला, असेच म्हणावे लागेल.

श्रीमंतांकडेही शिकण्यासारखे आहे. सर रतन टाटा १९१८ साली वारले आणि त्यांच्या संपत्तीतून १९१९ साली विश्वस्त संस्था उभी राहिली. त्याआधी १९१२ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याची कारणे अभ्यासण्यासाठी पैसा दिला होता. सर दोराबजी टाटांनी १९३२ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, आपली जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्त निधीत घातली. त्याच निधीतून १९३६ साली समाजकार्याचे ते विद्यालय निघाले, ज्याला आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो. भांडवलदारांचा पैसा कुठून येतो यावर आमची टीका आहेच. पण भाकरी देण्याबरोबर 'भाकरी का नाही?' हे विचारायला पैसा ठेवणे, हा मुद्दा घेण्यासारखा आहे.

इथे आमचे काही मित्र हरकत घेतात. ते म्हणतात, आंबेडकरी चळवळ हक्काची आहे, दानाची नाही. भूक मिटवणे हे सरकारचे काम. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी कायदा केला, व्यवसाय कर लावून त्यासाठी पैसा उभा केला. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला. मग पुन्हा दानधर्म कशाला?

हरकत बरोबर आहे आणि म्हणूनच आमची मांडणी दानधर्माची नाही. कायदा कागदावर असतो, तो ताटात आणायला माणूस लागतो. आमच्या भागातून दर हंगामात जोडपी ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. रेशनकार्डावर नाव नाही, अंगठा उमटत नाही, नाव कमी झाले ते का झाले हे कोणी सांगत नाही. अशा घराला हंगामभर शिधा हवा आणि त्याच वेळी तहसीलला अर्ज घेऊन जाणारा माणूसही हवा. निधीने दोन्ही करावे. आज ताट द्यावे आणि उद्या ते ताट हक्काने मिळेल यासाठी भांडावे. असा निधी सरकारची जागा घेत नाही, सरकारला जागेवर आणतो.

बाबासाहेबांनीही पैशाचा प्रश्न टाळला नाही. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. हयातीत आपण किती जणांनी ते पाळले, हा हिशेब ज्याने त्याने करावा. पण मृत्युपत्रात विसावा भाग लिहायला कोणाची अडचण आहे? मुलांना एकोणीस भाग राहतातच.

काम अवघड नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही मृत्युपत्र करता येते. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. मरेपर्यंत ते बदलता येते. बौद्धांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो आणि स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देता येते. 'बँकेत नॉमिनी लावला, झाले' असे समजू नका, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. जमीन वर्ग दोनची असेल तर हस्तांतराला परवानगीची अट असते, आधी सातबारा दाखवून वकिलाला विचारा. आणि रक्कम एखाद्या पुढाऱ्याच्या नावाने नको, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्या नावाने लिहा.

कागदावर आणखी चार गोष्टी लिहा, ज्या त्रिरश्मीच्या दगडाने आणि फुल्यांच्या मृत्युपत्राने शिकवल्या. मुद्दल मोडायचे नाही. जात, धर्म, पोटजात पाहायची नाही. हिशेब दरवर्षी वस्तीत वाचून दाखवायचा. आणि निर्णय घेणाऱ्यांत निम्म्या त्या बाया असाव्यात, ज्यांनी स्वतः उपास काढले आहेत. पंगतीत बसणारे आणि वाढणारे वेगळे राहिले, की कखडीचे शेत पुन्हा पडीक पडते.

जलदान विधीचे भोजनदान जरूर करा. पण त्याच दिवशी घरातल्या मोठ्यांनी एकदा विचारावे : आपल्या नावाने फक्त एक पंगत उठणार, की दरवर्षी एक चूल पेटणार?

जय भीम!