आईच्या नावाची वाईन : ‘सुला’ची वाटचाल

नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या काठी, गोवर्धन शिवारात सामंत कुटुंबाची जमीन होती. स्टॅनफर्डला शिकून अमेरिकेत ऑरेकल कंपनीत नोकरी करणारे राजीव सामंत १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नोकरी सोडून मायदेशी आले आणि या जमिनीत उतरले. आंबा लावला, गुलाब लावले, साग लावला. खाण्याची द्राक्षेही पिकवून पाहिली. जम बसेना. पण द्राक्षांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात वाईनची द्राक्षे मात्र फारशी कोणी लावत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

कॅलिफोर्नियातील वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की मदतीला आले. १९९७च्या सुमारास सॉव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या वेली गोवर्धनच्या मातीत रुजल्या. हंगामाचे गणित युरोपपेक्षा वेगळे ठेवावे लागले. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर फळासाठी गोडी छाटणी आणि थंडीत, जानेवारीपासून, काढणी. नाशिकच्या शेतकऱ्याला छाटणी शिकवावी लागली नाही. ते ज्ञान त्याच्या हातात पिढ्यांपासून होते. बदलावी लागली ती नजर. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचे, ही त्याची सवय. वाईनला मात्र बारीक मणी, जाड साल आणि भरपूर साखर हवी. दिसायला किरकोळ असा घड मुद्दाम पिकवायचा, हे पटवून घ्यायला वेळ लागला. ज्या बागायतदारांनी ते पटवून घेतले, त्यांचे ऋण ‘सुला’वर मोठे आहे.

परवान्यासाठी दीर्घकाळ हेलपाटे झाले. अखेर वायनरी उभी राहिली आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या.

नावाचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. भारतीय वाईनला परके नावच शोभते, असा तेव्हा समज होता. नारायणगावच्या इंडेज कंपनीची फेसाळ वाईन परदेशात ‘ओमर खय्याम’ आणि देशात ‘मार्क्विस द पाँपादूर’ या नावांनी विकली जात असे. सामंतांनी आईचे नाव घेतले. सुलभा, त्याचे ‘सुला’. लेबलवर मिशा असलेला हसरा सूर्य आला. ज्या मालाला ग्राहक मिळेल की नाही याचीच खात्री नव्हती, त्यावर घरातले सर्वांत जवळचे नाव घालणे हे मोठे धाडस होते.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या आणि जिल्ह्यात वायनऱ्या वाढल्या. २००५ साली गोवर्धनला चाखणीची खोली उघडली. घोट कसा घ्यावा, ग्लास कसा धरावा, इथपासून पाहुण्यांना समजावून सांगितले जाऊ लागले. २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव भरू लागला.

त्याच वर्षाच्या अखेरीस मंदी आली. मागणी घटली, टाक्यांत वाईन पडून राहिली, जिल्ह्यातील अनेक वायनऱ्या थंडावल्या आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. त्या पडझडीतही सुला उभी राहिली. द्राक्षांसाठी शेतकऱ्यांशी अनेक वर्षांचे करार करण्याची पद्धत तिने रूढ केली. वेल एकदा लावली की वर्षानुवर्षे फळते, तेव्हा तिच्या मालकाला तेवढाच भरवसा द्यायला हवा.

२०२१ साली शेजारची ‘यॉर्क’ वायनरी सुलाने घेतली. तिचे नावही घरातूनच आलेले, योगिता, रवी आणि कैलाश या भावंडांच्या आद्याक्षरांवरून. ते तसेच ठेवले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे समभाग ३५७ रुपये दराने विक्रीस आले आणि ‘सुला’ हे नाव शेअर बाजाराच्या फलकावर लागले.