भाड्याची गाडी आणि आपल्या हातातला कासरा

आजचा थ्रेड गाडीविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी दणकट गाडी, तिच्या छपरावर घडी उलगडताच उभा राहणारा तंबू, चढायला शिडी, मागे पाण्याची टाकी आणि लहानशी शेगडी. अशी गाडी चालकाशिवाय भाड्याने घ्यावी, स्वतः हाकावी आणि रात्र पडेल तिथे मुक्काम करावा, ही हौस अलीकडे आपल्याकडेही रुजू लागली आहे. नामिबिया-बोत्स्वानाच्या माळरानांवर ती जुनी झाली. छपरावरचे तंबू इटलीत १९५८ च्या सुमारास कारखान्यात तयार होऊ लागले. आपल्याकडे विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी १९४७ मध्ये सुरू केली. चालकाविना गाडी भाड्याने देण्याच्या व्यवसायाला कायद्याची चौकट मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेने मिळाली. त्या योजनेत परवाना हवा असेल तर मालकाकडे किमान ५० गाड्या असाव्यात अशी अट होती.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतून जगभर गेला. स्वाहिलीने तो अरबी ‘सफर’वरून घेतला, आणि तोच ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीतही आला. म्हणजे शब्द आपल्या घरचाच, फक्त आफ्रिकेला वळसा घालून परतलेला. आणि ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ हे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. या गाडीचे बिऱ्हाड पाठीऐवजी डोक्यावर आहे, इतकेच.

तेव्हा प्रश्न असा, की वाहन एकाचे, प्रवास दुसऱ्याचा आणि मुक्काम वाटेवर, या व्यवहाराचा आपल्या मुलखातला इतिहास काय? त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईटला जाऊ.

ईट हे बालाघाटाच्या मुलखातले गाव. जवळच, जिल्ह्याची सीमा ओलांडली की खर्डा लागते. आज ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात मोडते. तिथला निंबाळकरांचा भुईकोट १७४३ मधला. याच परिसरात ११ मार्च १७९५ रोजी पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. निजाम अली खान बिदरहून मांजरेच्या काठाने निघाला आणि मोहरीचा घाट उतरून खर्ड्याकडे आला. समोर सवाई माधवरावांच्या नावाने शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन एकवटले होते. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. ग्रँट डफच्या अंदाजाप्रमाणे निजामाकडे सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि मराठ्यांकडे त्याहून काहीसे अधिक सैन्य होते. त्यात बाजारबुणग्यांची मोजदाद नाही. एवढे लोक एका माळावर उतरले म्हणजे रात्रीत उभे राहिलेले एक शहरच.

या शहराचे वाहन म्हणजे बैल, उंट आणि हत्ती. घर म्हणजे डेरा, राहुटी नाहीतर नुसते पाल. मोगली थाटात पातशहासाठी तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चाले, तेव्हा दुसरा पुढच्या मजलेवर जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. फ्रान्स्वा बर्निए सतराव्या शतकात औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेला. त्याने नोंदवले आहे, की असा एक संच वाहायला साठाहून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत. दख्खनचे दरबार याच वळणाचे. निजामाने खर्ड्याच्या मोहिमेत जनानखानाही बरोबर आणला होता.

या छावण्यांचे पोट मात्र सरकारी जनावरांवर चालत नसे. ते चाले बंजाऱ्यांच्या तांड्यांवर. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत एक तांडा भेटला, त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. बैल बंजाऱ्यांचे, माल बहुधा त्यांचा, जोखीमही त्यांची. कुटुंबे बरोबर चालत, मुक्कामाला गोण्यांची थप्पी रचून त्यावर छप्पर ताणले की घर तयार. भंगी आणि झंगी या दोन नायकांची कथा या समाजात सांगितली जाते. ते शहाजहानचा वजीर आसफखान याच्या फौजेबरोबर १,८०,००० बैल घेऊन दख्खनेत उतरले आणि त्यांना सनद मिळाली, ती ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत. जनावरांना चारा मिळेना तर घरांवरच्या छपराचे गवत घ्यावे, पाणी मिळेना तर रांजणातले घ्यावे, अशी मुभा तीत होती म्हणतात. बैलांचा आकडा दंतकथेचा म्हणून सोडून देऊ. ज्याच्याकडे वाहन, त्याच्यापुढे बादशाही फौजही नमते घेई, हे मात्र त्या सनदेतून स्पष्ट दिसते. आणि त्या मुभेची किंमत वाटेवरच्या गावांनी मोजली, हेही.

वाहन हातचे गेले की काय होते, हे खर्ड्याच्या चारच वर्षे आधी लॉर्ड कॉर्नवॉलिसने अनुभवले होते. मे १७९१ मध्ये तो श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोहोचला, पण बैल मरून पडले. किल्ला फोडण्यासाठी आणलेल्या अवजड तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी कराव्या लागल्या. माघारी वळतो तोच परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके यांची फौज आली. तिच्या बाजारात बर्मिंगहॅमच्या चाकूपासून काश्मिरी शालीपर्यंत सारे काही होते. भाव अर्थातच चढे. उपाशी इंग्रज छावणीने ते मोजले. हेच परशुरामभाऊ खर्ड्याला होते. रसदेचे मोल ठाऊक असलेला सेनापती, असे मला त्यांच्याबद्दल नेहमी वाटते.

खर्ड्याचा निकाल प्रत्यक्ष रणापेक्षा रात्रीने लावला. डफ सांगतो, की काळोखात घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहान टोळी ओढ्यापाशी निजामाच्या माणसांवर अवचित आदळली. गोळ्या सुटल्या, आवाज पसरला, आणि प्रचंड छावणीत गोंधळ उडाला. निजाम खर्ड्याच्या लहानशा गढीच्या आश्रयाला गेला. सामानसुमान, तोफा, गोण्या मागे पडल्या. मग मराठ्यांनी वेढा आवळला. आत पाणी नाही, चारा नाही. काही दिवसांतच तहाची बोलणी सुरू झाली. दौलताबादसह मुलूख, तीन कोटी रुपये आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क याला स्वाधीन करणे, अशा अटी निजामाने मान्य केल्या. साठ हत्तींच्या थाटाच्या परंपरेतला दरबार घोटभर पाण्यापाशी अडला.

आता छावणीतल्या साध्या स्वाराकडे वळू, कारण भाड्याच्या गाडीचा खरा पूर्वज तिथे आहे. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारच्या पागेतला. सभासदाच्या बखरीप्रमाणे शिवकाळात २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि चाकाची दुरुस्ती ही मालकाने पुरवायची! बारगिराचा घोडा पडला, तर नुकसान पागेचे. शिलेदाराचा पडला, तर त्याचे पोटच गेले. त्यामुळे तो घोडा जपे, आणि कधीकधी घोडा जपण्याच्या नादात लढाईही जपून करी. आज भाड्याच्या करारात अनामत, विमा आणि ‘नुकसान कोणाचे’ ही कलमे आपण कंटाळून वाचतो. त्या काळी त्यांवर लढाया हलत.

इंग्रजी अमलात छावणी लहान झाली, दौरा आला. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा काही वर्षे इंग्रजांच्या व्यवस्थेत गेला आणि मेडोज टेलर तिथला अधिकारी झाला. १८६० च्या तहाने तो जिल्हा निजामाकडे परतला. राज्य कोणाचेही असो, साहेबाचे तंबू आणि पेट्या गावोगाव वाहायला गाड्या लागत. अनेकदा त्या भाड्याने कमी आणि वेठीने जास्त मिळत. ‘गाड्या धरणे’ हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. ओझी वाहण्याची वेठ गावोगाव प्रामुख्याने महारांच्या वाट्याला येई.

आणि इथून मी तुम्हाला सातारा जिल्ह्यात नेणार आहे. भाड्याने घेतलेली, प्रवाशाने स्वतः हाकलेली आणि रात्री जिच्यात झोपावे लागले, अशी एक गाडी इतिहासात नोंदलेली आहे. तिचा कासरा ज्या मुलांच्या हाती होता, त्यांतला एक नऊ वर्षांचा होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

वर्ष १९०१. वडील गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तिथे तलावाचे खोदकाम चालले होते. सुटीत मुलांना तिकडे बोलावणे आले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घालून मुले आगगाडीने मसूरला उतरली. संध्याकाळचे पाच वाजले होते. येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर चौकशी करू लागले आणि मुलाच्या तोंडून जात निघून गेली. मास्तरांचा चेहरा पालटला. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. पण विटाळ होईल म्हणून दुप्पट भाड्यालाही कोणी तयार होईना.

शेवटी मास्तरांनीच तोड काढली. मुलांना विचारले, गाडी हाकता येते का? येते, म्हणाली. मग ठरले, की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालेल. एकाने हे मान्य केले. पैसाही मिळाला, सोवळेही राहिले. साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली.

पुढची हकिकत आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सविस्तर लिहिली आहे. वाटेत शिदोरी सोडली तर ओढ्याचे पाणी शेणामुताने घाण झालेले. चार घास खाऊन डबा बंद केला. चार-पाच मैलांनंतर काळोखात गाडीवान अचानक गाडीत चढला आणि कासरा त्याने आपल्या हाती घेतला. काळोख पडल्यावर विटाळाचे काय झाले, हे त्याने सांगितले नाही. अंगावर दागिने असलेली मुले भीतीने रडू लागली. मध्यरात्रीच्या सुमारास टोलनाका आला. मुसलमान आहोत असे सांगून त्यांनी नाकेदाराकडे पाणी मागितले. तुमच्यासाठी इथे पाणी कोणी भरून ठेवले आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मग बैल सोडले, जू जमिनीला टेकवून गाडी उतरती उभी केली आणि मुलांनी फळ्यांवर अंथरूण टाकले. अन्न भरपूर होते; पाणी नव्हते म्हणून सारी उपाशी झोपली. सकाळी आठला निघून अकराला गोरेगाव आले.

खर्ड्याच्या गढीत निजामाला पाणी मिळाले नाही, कारण बाहेर शत्रू होता. या गाडीभोवती शत्रू कोणी नव्हता. डोंगरावर पाणीही होते.

अठ्ठावीस वर्षांनी हाच व्यवहार पुन्हा झाला. आता तो मुलगा बॅरिस्टर होता आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचा सदस्य होता. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी त्याने चाळीसगावला मुक्काम करावा, असा तिथल्या महार मंडळींनी आग्रह धरला. स्टेशनावर तासाभराचा वेळ गेला तेव्हा एक टांगा आला. काही पावलांवरच मोटारीशी होणारी टक्कर थोडक्यात चुकली. कारण नंतर कळले. टांगेवाले बाबासाहेबांना घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा भाड्याने द्यायला मात्र त्यांची हरकत नव्हती. पाहुण्याने पायी यावे हे मंडळींना बरे दिसेना, म्हणून त्यांच्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता.

नदीवरच्या फरसबंद पुलावर, कठडा नसलेल्या जागी, चाक बाजूच्या दगडावर जोरात आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळले. त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना हिंडताफिरता आले नाही.